जुन्या थिंकपॅडवर कोअरबूट बसवताना: खानदेशातल्या नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी जे वाचतो ते हार्ड डिस्कवर नसतं. मदरबोर्डवर तुरीच्या डाळीएवढी, आठ पायांची एक काळी चिप असते. तिच्यातलं सॉफ्टवेअर रॅम जागी करतं, कीबोर्ड, पडदा आणि डिस्क ओळखतं आणि मग लिनक्स किंवा विंडोजच्या हाती कारभार सोपवतं. बोलताना आपण त्याला सरसकट बायोस म्हणतो. बहुतेक मशीनमध्ये ते एएमआय, फिनिक्स किंवा इनसाइड यांच्या बंदिस्त कोडवर बेतलेलं असतं. आत काय चाललंय ते पाहता येत नाही, आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं की त्यातली चूक दुरुस्त करणारं कोणी उरत नाही.

कोअरबूट हा त्याला खुला पर्याय आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस या नावाने तो सुरू केला. २००८ मध्ये त्याचं नाव कोअरबूट झालं. कोअरबूट स्वतः फक्त हार्डवेअर जागं करतं. पुढचं काम, म्हणजे डिस्क शोधणं आणि बूट मेनू दाखवणं, ‘पेलोड’ नावाचा वेगळा भाग करतो. सीबायोस, ग्रब आणि ईडीके२ हे नेहमीचे पेलोड.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या हातात दहा-बारा वर्षं जुना, दुसऱ्या हातचा लॅपटॉप असतो. अशा मशीनचे कंपनीचे अपडेट कधीच बंद झालेले असतात, पण प्रोसेसर आणि बोर्ड ठणठणीत असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून लेनोवो थिंकपॅड एक्स२३० घेतला आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. या कामात लिहिण्यापेक्षा वाचणं महत्त्वाचं. मूळ चिपमधला मजकूर बिनचूक वाचून, ताडून, दोन ठिकाणी ठेवलेला असेल तर कोअरबूट चुकलं तरी मशीन परत उभं करता येतं. तो नसेल तर छोटी चूकही महागात पडते. म्हणून खालच्या लेखात वाचण्याच्या पायरीला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

(आज्ञा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्याच रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.)

काय मिळेल, काय मिळणार नाही

एक्स२३०च्या मूळ बायोसमध्ये वायफाय कार्डांची ठरलेली यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की १८०२ क्रमांकाचा संदेश येतो आणि मशीन पुढे जात नाही. कोअरबूटमध्ये ही यादीच नाही, त्यामुळे नवं, वेगवान कार्ड बसवता येतं. मशीन लवकर सुरू होतं. चुका दुरुस्त होत राहतात, आणि कोड कोणालाही वाचता येतो.

पण सगळंच मोकळं होत नाही. कीबोर्ड, पंखा आणि चार्जिंग सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे ईसी, स्वतःचं बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर, चालवतो. कोअरबूट त्याला हात लावत नाही. त्यामुळे मूळ कंपनीची नसलेली बॅटरी आधी चार्ज होत नसेल तर नंतरही होणार नाही. ती अडवणूक ईसीची आहे. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे एमई, हा प्रोसेसरपासून वेगळा चालणारा छोटा संगणकच; त्याचं सॉफ्टवेअर चिपमध्ये राहतंच, त्याला फक्त गप्प करता येतं. प्रोसेसरचा मायक्रोकोडही इंटेलचाच असतो आणि तो काढू नये, कारण त्यात प्रोसेसरच्या चुकांवरचे उपाय असतात.

कोणतं मशीन घ्यावं

एक्स२३० हे २०१२चं, तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं मशीन. यात रॅम सुरू करण्याचा कोड कोअरबूटचा स्वतःचा आहे आणि पडदा सुरू करायला लिबजीएफएक्सइनिट हा खुला कोड आहे, म्हणजे या दोन कामांसाठी बाहेरची बंदिस्त फाइल लागत नाही. चिपपर्यंत पोचायला मदरबोर्ड बाहेर काढावा लागत नाही. नवशिक्यासाठी याहून सोपं मशीन कमीच. एक्स२२०ही चांगला, त्यात ८ एमबीची एकच चिप असते. टी४३० आणि टी४४०पी चालतात. मात्र एक्स२३०एस हा वेगळा बोर्ड आहे, नावावर जाऊ नका. विकत घेण्याआधी मागच्या स्टिकरवरचं नाव पाहा आणि लिनक्स चालत असेल तर डीएमआयडीकोड या आज्ञेने बोर्डाचं नाव वाचा. मग कोअरबूटच्या बोर्डांच्या यादीत नेमकं तेच नाव आहे का ते बघा.

चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ नंतरच्या अनेक लॅपटॉपमध्ये इंटेल बूट गार्ड असतं. कंपनीने कारखान्यातच आपली चावी चिपसेटमध्ये कायमची कोरलेली असते, आणि तिच्या सहीशिवायचं फर्मवेअर मशीन चालवतच नाही. तिथे कितीही कौशल्य वापरलं तरी उपयोग नाही. टी४४०पी त्यातून सुटलेला आहे म्हणूनच लोक तो शोधतात.

मशीन फारसं उघडायचं नसेल तर दोन वाटा आहेत. डेल लॅटिट्यूड ई६४०० किंवा ई६४३० वर लिब्रेबूट हे कोअरबूटवर आधारलेलं तयार वितरण स्क्रू न काढता, नुसत्या सॉफ्टवेअरने बसवता येतं. दुसरी वाट क्रोमबुकची. त्यात कोअरबूट मुळातच असतं. मिस्टरक्रोमबॉक्स या प्रकल्पाचं फर्मवेअर टाकून त्यावर साधं लिनक्स चालवता येतं. मात्र लिहिण्यावरचं संरक्षण काढायला जुन्या क्रोमबुकमध्ये आतला एक स्क्रू काढावा लागतो, नव्यांमध्ये बहुधा बॅटरी सोडवावी लागते.

सामान

पहिलं, प्रोग्रॅमर, म्हणजे यूएसबीवरून चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण. सगळ्यात स्वस्त म्हणजे सीएच३४१ए. काही शे रुपयांत येतो. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांकडे तो असतो, तेव्हा जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी एकदा विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा. पण इथे एक मोठा सापळा आहे. एक्स२३०ची चिप ३.३ व्होल्टची आहे. काळ्या रंगाच्या जुन्या सीएच३४१ए मध्ये चिपला वीज ३.३ व्होल्टचीच जाते, मात्र डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. कित्येकदा काम होऊन जातं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात; पण त्या तारांना चिपसोबत चिपसेटही जोडलेला असतो, आणि त्याला इजा झाली तर मशीन गेलंच. प्रोग्रॅमर रिकामाच यूएसबीला लावा, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि २५ लिहिलेल्या सॉकेटच्या पिन १, ५ आणि ६ ग्राउंडच्या तुलनेत मोजा. ५च्या जवळ आकडा आला तर तो वापरू नका. १.७ आवृत्तीच्या बोर्डावर व्होल्टेज निवडायचं बटण असतं, ते ३.३ वर ठेवा.

रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणक घरात असेल तर तो उत्तम, त्याच्या पिना मुळातच ३.३ व्होल्टच्या. रास्पबेरी पाय पिकोवर सेरप्रॉग फर्मवेअर टाकूनही हेच काम होतं.

दुसरं, एसओआयसी-८ मापाची क्लिप. पोमोना ५२५० ही नावाजलेली. स्वस्त क्लिपचे दात लवकर झिजतात आणि ती चिपवरून घसरते. नवशिक्याचे सगळ्यात जास्त तास या घसरण्यातच जातात, म्हणून पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका. तारा १० सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. लांब तारांत सिग्नल बिघडतो.

बाकी: बारीक फुली स्क्रूड्रायव्हर, झाकण उचकटायला जुनं सिम कार्ड, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मल्टिमीटर, दोन पेनड्राइव्ह, आणि डेबियन किंवा उबुंटू असलेला दुसरा लॅपटॉप. चिपवरची अक्षरं वाचायला मोबाइलचा कॅमेरा झूम करून पुरतो.

दुसरा लॅपटॉपच म्हटलं आहे, डेस्कटॉप नाही. लिहिताना लाईट गेली तर बॅटरीवरच्या लॅपटॉपला फरक पडत नाही. डेस्कटॉपच वापरायचा असेल तर यूपीएस हवा. फीडरचं वेळापत्रक पाहून काम ठरवण्यापेक्षा बॅटरी पूर्ण चार्ज करून बसणं सोपं.

जागेबद्दल दोन गोष्टी. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या झोतासमोर उघडं मशीन ठेवू नका. तो ओलसर हवा आणि धूळ थेट बोर्डावर फेकतो. घाम येत असेल तर कपाळाला पट्टी बांधा, कारण घामाचा थेंब खारट असतो आणि बोर्डावर वीज वाहून नेतो. हिवाळ्यात उलट त्रास. हवा कोरडी असल्यामुळे अंगावर स्थिर वीज साठते. लोकरीचा स्वेटर काढा, सुती सदरा घाला आणि काम सुरू करण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा.

पायरी १: उघडण्याआधी

मशीन अजून मूळ बायोसवर चालत असतानाच कंपनीचं शेवटचं बायोस अपडेट करून घ्या. ईसीचं अपडेट त्याच्यासोबत येतं, आणि कोअरबूट बसल्यावर ते करता येत नाही. हे अपडेट करताना बॅटरी चांगली चार्ज असू द्या आणि अडॅप्टरही जोडलेला ठेवा.

मग तुमचं लिनक्स कोणत्या पद्धतीने बसलंय ते पाहा. सिस, त्यात फर्मवेअर, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर दिसलं तर ते यूईएफआय या नव्या पद्धतीने बसलं आहे. सीबायोस पेलोड जुन्या पद्धतीने बूट करतो, त्यामुळे अशी डिस्क त्याला सापडणार नाही. कोअरबूट बिघडलं असं वाटून पुष्कळ जण इथेच घाबरतात. उपाय दोन: ईडीके२ पेलोड निवडणं, किंवा लिनक्स जुन्या पद्धतीने पुन्हा बसवणं. पहिल्या वेळी दुसरा उपाय बरा, कारण सीबायोस लहान आणि खात्रीचा आहे. विंडोज मारलेलं असेल तर तोच नियम. डिस्कवरच्या कामाच्या फायलींचा बॅकअप आजच घ्या.

पायरी २: उघडणं

अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज उतरते. खालच्या बाजूला कीबोर्ड आणि टचपॅडची चिन्हं असलेले ७ स्क्रू काढा. मशीन सरळ करा, कीबोर्ड पडद्याच्या दिशेने थोडा सरकवा आणि मग पुढची कड उचला. सरळ वर ओढला तर हुक तुटतात. खालची रिबन सोडवा. मग हात टेकायचा पाम रेस्ट, त्याची रिबन जपून. त्याखालची काळी प्लास्टिकची फिल्म हळूच बाजूला करा. दोन चिप दिसतील.

पडद्याकडची ४ एमबीची, तुमच्याकडची ८ एमबीची. बोर्डाच्या हिशेबाने या दोन मिळून १२ एमबीची एकच सलग जागा आहे. ८ एमबीच्या चिपमध्ये सुरुवातीला ४ केबीचा डिस्क्रिप्टर, म्हणजे चिपमधल्या भागांचा नकाशा, असतो. मग ८ केबीचा नेटवर्कचा भाग, ज्यात तुमच्या लॅन पोर्टचा मॅक पत्ता असतो. मग एमई, ५ एमबीच्या खुणेपर्यंत. तिथून पुढचे ७ एमबी बायोसचे: ३ या चिपमध्ये, ४ वरच्या चिपमध्ये.

प्रोसेसर जागा होतो तेव्हा ४ जीबीच्या पत्त्याच्या १६ बाइट अलीकडून वाचायला सुरुवात करतो, आणि ती जागा म्हणजे फ्लॅशचा अगदी शेवट, ४ एमबीच्या चिपची शेपटी. कोअरबूट ४ एमबीत आरामात मावतं. म्हणून पहिल्या वेळी फक्त ४ एमबीची चिप लिहायची आणि ८ एमबीच्या चिपला लिहिण्यासाठी हात लावायचा नाही. डिस्क्रिप्टर, मॅक पत्ता, एमई जसेच्या तसे राहतात आणि धोका निम्म्याहून कमी होतो.

पायरी ३: वाचणं

चिपच्या एका कोपऱ्यावर बारीक ठिपका असतो, ती पिन १. क्लिपची लाल तार पिन १ कडे. उलटी लावली तर वीज भलत्या पायावर जाते, म्हणून यूएसबी जोडण्याआधी दोनदा बघा. चिपचे पाय आधी अल्कोहोलने पुसून घ्या. बोटाचा तेलकटपणा आणि कपाशीच्या भागातली ती बारीक तंतूंची धूळ पायांवर बसलेली असतेच.

सीएच३४१ए असेल तर क्लिपचा अडॅप्टर २५ लिहिलेल्या भागात बसवा आणि जंपर पिन १ आणि २ वर आहे ना पाहा. आधी क्लिप चिपवर, नंतर प्रोग्रॅमर यूएसबीत, हाच क्रम. एलएसयूएसबी या आज्ञेत १ए८६:५५१२ दिसलं तर प्रोग्रॅमर बरोबर अवस्थेत आहे.

रास्पबेरी पाय असेल तर जोडणी अशी:

चिपची पिन १ (निवड) पायच्या पिन २४ ला
पिन २ (मिसो) पिन २१ ला
पिन ४ (ग्राउंड) पिन २५ ला
पिन ५ (मोसी) पिन १९ ला
पिन ६ (क्लॉक) पिन २३ ला
पिन ८ (३.३ व्होल्ट) पिन १७ ला

चिपच्या ३ आणि ७ मोकळ्या ठेवा. पायच्या सेटिंगमध्ये एसपीआय चालू करायला विसरू नका. आणि कोणत्याही परिस्थितीत क्लिप लावलेली असताना लॅपटॉपचा अडॅप्टर किंवा बॅटरी जोडू नका.

८ एमबीच्या चिपपासून सुरू करा. चिप वाचण्या-लिहिण्याचं काम फ्लॅशरॉम हा प्रोग्रॅम करतो. आज्ञा:

सुडो फ्लॅशरॉम -पी सीएच३४१ए_एसपीआय -आर खाली१.बिन

रास्पबेरी पायवर ‘-पी’ नंतर लिनक्स_एसपीआय:डेव्ह=/डेव्ह/एसपीआयडेव्ह०.०,एसपीआयस्पीड=५१२ असं द्यायचं. ५१२ हा किलोहर्ट्झमधला वेग. या वेगाने ८ एमबी वाचायला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्तच वेळ लागतो. घाई नको, कमी वेग म्हणजे स्वच्छ वाचन.

फ्लॅशरॉम एकापेक्षा जास्त चिपांची नावं दाखवून थांबला तर चिपवर छापलेलं नाव बघा आणि ‘-सी’ पर्यायात तेच द्या.

आता क्लिप काढा, पुन्हा लावा, आणि खाली२.बिन नावाने पुन्हा वाचा. मग दोन्ही फायलींवर शा२५६सम चालवा. दोन्ही आकडे अक्षरन् अक्षर सारखे यायला हवेत. क्लिप न काढता दोनदा वाचलं तर एकच वाईट जोड दोनदा तीच चूक देऊ शकतो, म्हणून काढून लावायची. फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची हवी. ४ एमबीच्या चिपचं वर१ आणि वर२ असंच, ती ४१,९४,३०४ बाइटची.

सारखी येणं पुरेसं नाही. दोन्ही वेळा रिकामंच वाचलं गेलं असेल तरी आकडे जुळतात. खाली१.बिन हेक्सडंपमध्ये उघडा (‘-मोठा सी’ पर्याय देऊन). दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ५ए ए५ एफ० ०एफ ही चार बाइट दिसायला हवीत. ती इंटेलच्या डिस्क्रिप्टरची खूण आहे. सगळीकडे एफएफ किंवा ०० दिसत असेल तर तुम्ही चिप वाचलेलीच नाही. वरच्या फाइलचं शेवटचं टोकही बघा, तिथे निव्वळ एफएफ असता कामा नये.

हे सगळं जुळलं की चारही फायली दोन्ही पेनड्राइव्हवर टाका आणि फाइलच्या नावात मशीनचा सिरीयल क्रमांक लिहा. मित्राच्या मशीनची खालची फाइल आपल्यात टाकू नका: मॅक पत्ता त्याचा येतो आणि कॉलेजच्या एकाच नेटवर्कवर दोघांचीही जोडणी तुटत राहते.

पायरी ४: कोअरबूट तयार करणं

डेबियन किंवा उबुंटूवर गिट, बिल्ड-इसेन्शियल, नॅट, फ्लेक्स, बायसन, एनकर्सेसचं डेव्ह पॅकेज, झेडलिबचं डेव्ह पॅकेज, कर्ल आणि एम४ बसवा. नॅट म्हणजे एडा भाषेचा कंपायलर. तो विसरला तर लिबजीएफएक्सइनिट बनत नाही आणि पडदा काळा राहतो. कोअरबूटचा कोड गिटने घ्या, सबमोड्यूलसह. सगळ्यात ताज्या कोडऐवजी एखादी प्रसिद्ध आवृत्ती निवडा. रोज बदलणाऱ्या कोडवर पहिला प्रयोग नको.

मग ‘मेक क्रॉसजीसीसी-आय३८६ सीपीयूएस=४’ (यातलं सीपीयूएस मोठ्या अक्षरांत). हा कोअरबूटचा स्वतःचा कंपायलर बनवतो. दोन कोअरच्या मशीनवर तासाच्या वर जाऊ शकतो आणि काही जीबी जागा खातो. दुपारच्या उन्हात लॅपटॉप तापून थांबत असेल तर हे रात्री लावून ठेवा. सिस्टिमचा कंपायलर वापरून वेळ वाचवण्याचा मोह टाळा, त्यातून येणाऱ्या चुका शोधणं नवशिक्याच्या आवाक्यात नसतं.

‘मेक मेनूकॉन्फिग’ मध्ये चार गोष्टी. मेनबोर्डमध्ये लेनोवो आणि थिंकपॅड एक्स२३०. चिपचा आकार १२ एमबी, तो आपोआप येतो, बदलू नका. सीबीएफएसचा, म्हणजे चिपमधल्या कोअरबूटच्या फाइलसाठ्याचा, आकार मुळात ०x७००००० असतो, तो ०x४००००० करा, म्हणजे सगळं वरच्या ४ एमबीत बसेल. यातला एक शून्य इकडेतिकडे झाला तर मशीन उठणार नाही. पेलोड सीबायोस. मायक्रोकोडचा पर्याय आहे तसा राहू द्या. जतन करा, ‘मेक’ चालवा. बिल्ड फोल्डरमध्ये कोअरबूट.रॉम ही १,२५,८२,९१२ बाइटची फाइल तयार होते.

तिचा शेवटचा ४ एमबी कापून घ्यायचा:

डीडी आयएफ=कोअरबूट.रॉम ओएफ=वर_नवी.रॉम बीएस=१एम स्किप=८

‘एम’ मोठा. आकार पुन्हा बघा: ४१,९४,३०४.

पायरी ५: लिहिणं

क्लिप पडद्याकडच्या चिपवर. वाचताना होता तोच जोड, तोच वेग. ‘-आर’ ऐवजी ‘-डब्ल्यू’ आणि फाइल वर_नवी.रॉम. फ्लॅशरॉम आधी पुसतो, मग लिहितो, मग स्वतःच वाचून ताडतो. शेवटी व्हेरिफाइड असा शब्द आला म्हणजे झालं. ताडताना चूक आली तर मशीन चालू करू नका, क्लिप परत बसवा आणि पुन्हा लिहा. अर्धवट लिहिलेली चिप खराब होत नाही, ती पुन्हा पुसली जाते.

प्रोग्रॅमर यूएसबीतून काढा, मग क्लिप काढा. कीबोर्ड जोडा, स्क्रू अजून लावू नका. बॅटरी लावून बटण दाबा. पहिल्या वेळी रॅमचं मोजमाप नव्याने होतं, त्यामुळे पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ काळा राहतो, मिनिटभर थांबा. नंतरच्या वेळी ते मोजमाप चिपमध्ये साठवलेलं असतं. सीबायोसची ओळ दिसली की एस्केप दाबून बूट मेनू उघडा.

बिघडलं तर

चिप सापडत नाही असा संदेश: दहात नऊ वेळा क्लिप नीट बसलेली नसते. काढा, पाय पुसा, सरळ खाली दाबून लावा. तरी नाही तर जंपर, मग पिन १ची दिशा, मग तारांची लांबी. इतकं करूनही वाचन हेलकावे खात असेल तर घड्याळाची नाणं-बॅटरी बोर्डावरून सोडवा. नंतर तारीख-वेळ पुन्हा लावावी लागेल. दुकानदार हॉट एअरने चिप उतरवायचं सुचवेल. एक्स२३०ला त्याची गरज पडत नाही, आणि उष्णतेने बोर्डावरचे पट्टे उचलले गेले तर दुरुस्ती अवघड होते.

पंखा फिरतो, पडदा काळाच: रॅमची एक पट्टी काढून दुसरीवर चालवा, मग खाचा बदलून. तरीही नाही तर वर१.बिन परत लिहा. मूळ बायोस उठला म्हणजे हार्डवेअर शाबूत आहे, चूक बिल्डमध्ये आहे. बहुतेकदा सीबीएफएसचा आकार किंवा चुकीचा कापलेला ४ एमबी.

मशीन छान चालतं आणि बरोबर अर्ध्या तासाने बंद पडतं: हे एमईचं लक्षण आहे. एमईचा भाग खराब किंवा अपुरा असेल तर चिपसेट ३० मिनिटांनी वीज तोडतो. खालच्या चिपला हात लावला नसेल तर हे होत नाही. लिब्रेबूटची तयार इमेज एक्स२३०वर टाकणाऱ्यांनी मात्र लक्ष द्यावं: त्या इमेजमध्ये एमई दिलेलं नसतं, ते आधी टोचून घ्यावं लागतं. ती पायरी गाळू नका.

एमईला गप्प करायचं असेल तर

हे आठवडाभर सगळं नीट चालल्यावरच. खाली१.बिनवर मी_क्लीनर चालवा, पर्याय ‘-मोठा एस’ आणि ‘-मोठा ओ’, पुढे नव्या फाइलचं नाव. तो एमईचे बहुतेक भाग काढतो आणि डिस्क्रिप्टरमध्ये ते थांबवणारा बिट लावतो. मग त्याच नव्या फाइलवर कोअरबूटच्या कोडसोबत येणारं आयएफडीटूल ‘-यू’ चालवलं की डिस्क्रिप्टरची कुलपंही उघडतात आणि पुढे मशीन न उघडता सगळी चिप लिहिता येते. ही फाइल ८ एमबीच्या चिपवर क्लिपनेच लिहायची. मूळ खाली१.बिनवर काहीही जतन करू नका, ती फाइल केवळ-वाचन करून ठेवा.

पुढची अपडेट

एकदा कोअरबूट बसलं की क्लिपची गरज उरत नाही. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीत आयओमेम=रिलॅक्स्ड घाला, रीस्टार्ट करा, अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही जोडा आणि फ्लॅशरॉमला ‘-पी इंटरनल’, ‘--आयएफडी’, ‘-आय बायोस’, ‘-मोठा एन’ आणि ‘-डब्ल्यू’सोबत पूर्ण १२ एमबीची कोअरबूट.रॉम द्या. काम झालं की आयओमेमचा शब्द काढून टाका. तो कर्नलचं एक संरक्षण सैल करतो.

इथे एक बारीक गोष्ट. अशा अंतर्गत अपडेटमध्ये बायोसचे सातही एमबी लिहिले जातात, म्हणजे खालच्या चिपमधले मूळ बायोसचे ३ एमबीही पुसले जातात. कोअरबूटला त्याचा त्रास नाही. पण त्यानंतर कधी मूळ बायोसवर परतायचं ठरलं तर नुसतं वर१.बिन पुरणार नाही, खाली१.बिनही लिहावं लागेल. म्हणून दोन्ही पेनड्राइव्ह मशीन विकेपर्यंत जपा, आणि विकताना त्यातला एक घेणाऱ्याला द्या, सोबत कोणती आवृत्ती बसवली आहे ती चिठ्ठी बॅटरीच्या खणात चिकटवून.